मे महिन्यात चार रात्री समुद्रकाठी: दिवेआगर, कर्दे की तारकर्ली? आणि हॉटेलवाल्याला फोनवर नेमकं काय विचारायचं?

ओसरी

रविवार १७ मे ते गुरुवार २१ मे २०२६, चार रात्री समुद्रकाठी राहायचं ठरतंय. पुण्याहून स्वतःच्या गाडीने सातजण: दोन जोडपी, मुलं ४ आणि ९ वर्षांची, आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, कमोड लागतो, जिना नको आणि त्या पूर्ण शाकाहारी. बाकीचे मासे खायलाच निघालेत म्हटलं तरी चालेल.

दिवेआगर, कर्दे (दापोली) आणि तारकर्ली अशी तीन नावं समोर आहेत. जाहिरातीत प्रत्येक हॉटेल ‘सी-टच’, प्रत्येकाच्या फोटोत तोच झोपाळा आणि तोच सूर्यास्त. फोनवर काहीही विचारलं की उत्तर एकच, ‘सगळं आहे, तुम्ही या फक्त.’ म्हणून इथे विचारते. आमच्यासारख्यांना कोणतं ठिकाण सोयीचं? फोनवर काय विचारलं की खरं ते कळतं? खोली एसीच हवी का? आणि मुलांना पाण्यात कधी न्यायचं?

सुरूचं बन

तारकर्ली या खेपेला सोडा. पुण्याहून पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, घाट उतरून आठ-नऊ तास; चार रात्रींच्या सहलीतले दोन दिवस गाडीतच जातील. तारकर्लीचं खरं आकर्षण म्हणजे स्कूबा, देवबागचा संगम, सिंधुदुर्ग किल्ला. यातलं ४ वर्षांच्या मुलाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना फारसं काही करता येत नाही. शिवाय मेच्या उत्तरार्धात लाटा वाढल्या की तिथलं नितळ पाणी गढूळ होतं. मेरीटाईम बोर्ड साधारण २५-२६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवतं. तुमच्या तारखा त्याच्या थोड्या आधीच्या आहेत, पण वारा उठला तर होड्या त्याआधीही थांबतात.

राहिले दिवेआगर आणि कर्दे. दोन्हीकडे किनारा सपाट, वाळू बारीक आणि घट्ट. दिवेआगर ताम्हिणी-माणगाव-म्हसळामार्गे साधारण १६० किलोमीटर, चहापाणी धरून पाच तास. कर्दे त्याहून तास-दीड तास लांब. कर्द्याची जमेची बाजू म्हणजे दापोली जवळ आहे, तिथे उपजिल्हा रुग्णालय, औषधांची दुकानं, बाजार सगळं आहे. दिवेआगरला किरकोळ गोष्टींसाठी बोर्ली पंचतन आणि रुग्णालयासाठी श्रीवर्धन गाठावं लागतं. माझं मत दिवेआगर, कारण गाव सपाटीवर आहे. कर्दे-मुरूड भागात बरीच हॉटेलं उतारावर आहेत, रस्त्यापासून खोलीपर्यंत पंधरा-वीस पायऱ्या सहज निघतात. आजी तिथेच अडतील.

आता ‘सी-टच’. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. ग्रामीण भागात भरतीच्या रेषेपासून २०० मीटरची पट्टी मोकळी ठेवायची, आणि २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ती ५० मीटर केली आहे. त्यामुळे गॅलरीतून पाय खाली सोडले की पाण्यात, असं हॉटेल कोणी दाखवत असेल तर आधी शंका घ्या. बहुतेक ठिकाणी हॉटेल, मग कुंपण, मग सुरूचं बन, मग मऊ वाळू आणि मग समुद्र असा क्रम असतो. उपग्रह नकाशा उघडा, हॉटेलच्या फाटकापासून ओल्या वाळूपर्यंतचं अंतर मोजा. अडीचशे मीटरपर्यंत उत्तम. त्यातली कोरडी मऊ वाळू किती हे जास्त महत्त्वाचं, कारण गुडघ्यांना तीच नडते; शंभर मीटर मऊ वाळू म्हणजे अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता समजा. नकाशात मधे खाडीचा फाटा किंवा ओढा दिसतोय का तेही पाहा. नाहीतर ‘दोन मिनिटांवर समुद्र’ आणि वळसा एक किलोमीटरचा.

जोतं

लॉजच्या धंद्यातल्या बाजूने लिहितो. पाहुणे फोनवर ‘सी-व्ह्यू आहे का, स्विमिंग पूल आहे का’ विचारतात. मे महिन्यात सुट्टी बिघडते ती वीज आणि पाणी या दोन गोष्टींनी, आणि त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

वीज आधी. पावसाळ्यापूर्वीची देखभाल याच महिन्यात चालते. फांद्या तोडायच्या, तारा ओढायच्या, तेव्हा अर्धा दिवस पुरवठा बंद. त्यात एखादी वळवाची सर आली की रात्र गेलीच. हॉटेलवाला म्हणेल ‘बॅकअप आहे’. पुढचा प्रश्न असा टाका: ‘बॅकअपवर एसी चालतो, का फक्त पंखा?’ इन्व्हर्टर असेल तर पंखाच. दीडशे अँपिअरअवरच्या एका बॅटरीवर चार पंखे आणि चार दिवे तीन-चार तास निघतात, बॅटरी जुनी असेल तर दोनच. जनरेटर असेल तर किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) ते विचारा. दीड टनाचा एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट घेतो. दहा खोल्यांचे एसी, वर पाण्याचा पंप आणि फ्रीज धरले तर २५ केव्हीएच्या खाली भागत नाही. दहा खोल्या आणि १० केव्हीएचा जनरेटर असेल तर एसीची लाइन त्यावर जोडलेलीच नाही, हे न विचारता समजा. रात्री किती वाजेपर्यंत जनरेटर चालवता, तेही विचारा. डिझेल महाग आहे, बरेचजण अकराला बंद करतात. आणि तुमची खोली जनरेटरच्या शेजारची नको.

पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मे महिन्यात पातळी खाली जाते, वरून गर्दीमुळे उपसा वाढतो आणि खालचं खारं पाणी वर येतं. मग नळाला मचूळ पाणी लागतं, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. विचारायचं असं: ‘नहाणीला विहिरीचं पाणी आहे का टँकरचं? सध्या साबणाला फेस येतो का?’ प्रश्न इतका साधा असतो की समोरचा पटकन खरं बोलून जातो. पिण्यासाठी २० लिटरचा जार मिळतो का आणि तो भाड्यात धरलाय का, हेही विचारून घ्या. सातजणांना मे महिन्यात दिवसाला एक जार पुरत नाही.

खोली. तळमजला मागताय ते बरोबरच, पण तिथेही जोतं असतं. जांभ्याच्या घरांना जोत्याच्या दोन-तीन पायऱ्या असतात आणि त्या उंच, आठ-नऊ इंचांच्या. ‘तळमजला आहे का’ यावर ‘हो’ येतं आणि पायऱ्या तशाच राहतात. म्हणून ‘गाडीपासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती’ हे विचारा. कमोडजवळ धरायला दांडी क्वचितच असते, पण कमोड आणि भिंत यांत हात टेकण्याइतकं अंतर आहे का, ते न्हाणीघराच्या फोटोत दिसतं. तो फोटो वेगळा मागवा. न्हाणीत गुळगुळीत फरशी असेल तर रबरी चटई घरून न्या.

वरचा मजला कुणी स्वस्तात देत असेल तर छत कशाचं ते कळल्याशिवाय हो म्हणू नका. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. दहा बाय बाराच्या खोलीला एरवी एक टनाचा एसी पुरतो, पण डोक्यावर उघडा स्लॅब असेल तर दीड टनही धापा टाकतो. कौलं आणि खाली लाकडी तक्तपोशी असेल तर फार बरं. पत्र्याचं छत म्हणजे दुपारी खोलीत थांबायचंच नाही.

एसीबद्दल शेवटचं. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची जाळी सडते, गॅस गळतो, एसी नुसता पंख्यासारखा फिरतो. ‘यंदा सर्व्हिसिंग झालंय का’ हे विचाराच. आणि पाहुण्यांकडून होणारी नेहमीची गोष्ट म्हणजे गॅलरीचं दार उघडं आणि एसी १६वर. दमट हवा आत येत राहते, कॉइलवर बर्फ धरतो आणि मग तो वितळून पलंगावर टपकतो. मॅनेजरला शिव्या बसतात. दार बंद, एसी २५-२६वर, पंखा मंद, एवढ्यात मस्त झोप लागते. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, तेवढाच ओलावा एसीला परत ओढावा लागतो.

माजघर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एसीच्या आधी दिशा बघा. समुद्राकडे तोंड म्हणजे पश्चिमेकडे तोंड. ज्या काचेतून सूर्यास्त दिसणार त्याच काचेतून दुपारी अडीचपासून ऊन आत येणार. ‘सी-फेसिंग’ खोलीला जास्त पैसे मोजून वर पडदे ओढून बसायचं, यात काही राम नाही. पुढे किमान पाच-सहा फुटांची पडवी किंवा झाडांची सावली असेल तरच ती खोली घ्या. नारळी-पोफळीच्या वाडीतली, समुद्र न दिसणारी खोली दोन-तीन अंश थंड वाटते आणि स्वस्तही पडते. समुद्र बघायला किनारा आहेच. वाडीत डास मात्र असतात, कारण पोफळीला पाटाचं पाणी सोडतात. खिडकीला जाळी आहे का, एवढं विचारा.

एसी हवाच का? हवा. कोकणात मे महिन्यात पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपास, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही. दुपारचा खारा वारा संध्याकाळी पडतो आणि रात्री आठ ते अकरा पान हलत नाही. नेमकी तीच मुलांची झोपायची वेळ.

खारा वारा

भरती-ओहोटीचं मी सांगतो, कारण मुलांना कधी न्यायचं याचं उत्तर त्यातच आहे आणि तुमच्या तारखा नेमक्या उधाणाच्या आहेत.

१६ मेला अमावास्या. १७पासून अधिक ज्येष्ठ सुरू. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. १७ला प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. १८ला द्वितीया, दीड वाजता. १९ला तृतीया, सव्वादोन. २०ला चतुर्थी, तीन वाजता. दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोन भरतींच्या मधोमध, सव्वासहा तासांनी, ओहोटी. पौर्णिमेनंतर आकडा पुन्हा एकपासून मोजायचा. ही रीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, दक्षिणेकडे मालवणात भरती मुंबईपेक्षा आधी येते, म्हणून गेल्यावर स्थानिक कोष्टकाशी ताडून बघा. दिवस आखायला एवढं पुरतं.

आता १८ तारीख घ्या. भरती दुपारी दीडला, ओहोटी संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत निम्मं पाणी परत जातं. आणि पर्यटक कधी उतरतात? दुपारचं जेवण, वामकुक्षी, चहा आणि मग चार वाजता समुद्र. सगळ्यात जोराच्या ओढीच्या वेळी सगळ्यात जास्त माणसं पाण्यात असतात. १९ला हाच काळ सव्वाचार ते सव्वासहा, २०ला पाच ते सात.

तुम्ही सकाळ धरा. १८ला ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमाराला, १९ला आठच्या सुमाराला. त्यानंतर भरती सुरू होते. ओहोटी होऊन तासभर गेल्यावर उतरा, साडेदहाला बाहेर या. पाणी किनाऱ्याकडे येत असतं, ऊन अजून सोसवतं. शून्य सावलीचे दिवस कोकणात नुकतेच होऊन गेलेले असतात, अकरानंतर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही.

चढत्या पाण्याचाही एक धोका आहे. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला आत वाळूची उंच पट्टी उघडी पडते, मुलं तिथे किल्ले करायला जातात. ती पट्टी आणि किनारा यांच्यात खोलगट चर असतो, आणि भरती आधी त्या चरात शिरते. समोर कोरडी वाळू दिसत असते, मागे कमरेएवढं पाणी झालेलं असतं. दिवेआगरसारख्या ठिकाणी तीन मीटर पाणी चढलं आणि उतार पन्नासास एक धरला, तर दीडशे मीटर वाळू सहा तासांत पाण्याखाली जाते. त्यामुळे किल्ला चराच्या अलीकडेच.

इतर नेम: मूल गुडघ्याएवढ्या पाण्यात, मोठा माणूस हाताच्या अंतरावर आणि समुद्राच्या बाजूला उभा. फुगवलेली टायर-ट्यूब नको. पहाटे-सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, ट्यूब हलकी असल्याने अलगद आत सरकते. खाडीच्या मुखाजवळ कुणीच उतरायचं नाही. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहत दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. लाटा फुटत नाहीत असा गढूळ, शांत दिसणारा पट्टा बहुतेकदा ओढीचाच असतो. तो सुरक्षित वाटतो म्हणून लोक तिथेच उतरतात. गणपतीपुळे आणि आरे-वारे इथे तर पाण्यात उतरूच नये. देवदर्शन करा, किनाऱ्यावर बसा.

चुकीचे आकडे फिरत असतात म्हणून लिहितो: पोलिस, रुग्णवाहिका ११२, तटरक्षक दल १५५४, सागरी पोलिस १०९३.

जेलीफिश लागली तर गोड्या पाण्याने धुवायचं नाही, वाळूने चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, तंतू चिमट्याने काढायचे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग ठेवायचा. पाकटाचा (शेपटीला काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तरी गरम पाणीच, पण नंतर दवाखाना चुकवायचा नाही, काट्याचा तुकडा आत राहतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, पाकट आधीच निघून जातो.

ओसरी

खूपच नेमकी माहिती मिळाली, आभार. दिवेआगर नक्की करतोय. दोन गोष्टी राहिल्या. एकाच हॉटेलात शाकाहारी आणि मासे दोन्ही कसं जमवायचं? आणि दोन हॉटेलवाल्यांनी निम्मं भाडं आगाऊ मागितलंय, ते द्यावं का? एका दिवशी हरिहरेश्वरही करायचंय.

माजघर

जेवणाचं. दिवेआगरात शुद्ध शाकाहारी घरगुती खाणावळी आहेत आणि मासे देणारी हॉटेलंही आहेत. एकाच स्वयंपाकघरातून दोन्ही घेण्याऐवजी राहायला मासे देणारं ठिकाण आणि आजींची दुपारची जेवणं जवळच्या खाणावळीतून, असं बरं पडतं. आजींना वेगळा तवा, वेगळी कढई हवी असेल तर फोनवर आधीच विचारा, आयत्या वेळी स्वयंपाकीणबाईंची अडचण होते. कुठेही जा, जेवण सांगूनच ठेवावं लागतं. दुपारचं सकाळी नऊ-दहापर्यंत, रात्रीचं चार-पाचपर्यंत. न सांगता दीड वाजता सातजण जाऊन उभे राहिलात तर अंडा करी आणि भात. उकडीच्या मोदकांना आदल्या दिवशी सांगा, दर नगावर असतो.

मासळी १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीआधीची, म्हणजे तोवर ताजी मिळते. जवळच भरडखोल बंदर आहे. मेनूवर ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर ताट येण्याआधी दर विचारा आणि सुरमईच्या थाळीत तुकड्या किती, तेही. मुलांना सुरमईची तुकडी द्या, मधला एकच काटा असतो. मांदेली, बोंबील स्वस्त आणि चवीला सुरमईपेक्षा सरस, पण पाहुणे मागत नाहीत म्हणून मेनूवर नसतात. विचारलं तर करून देतात.

सुरूचं बन

आगाऊ रकमेबद्दल. सुट्टीच्या महिन्यात काही रक्कम मागणं रास्तच आहे, पण निम्मं जास्त वाटतं. एका रात्रीचं भाडं किंवा पंचवीस-तीस टक्के द्या. तुमचा मुक्काम रविवारपासून गुरुवारपर्यंत, शनिवारची रात्र त्यात नाही. घासाघीस करायला जागा आहे.

पैसे पाठवण्याआधी ही खातरजमा करा. नकाशावर जो नंबर आहे तोच तुम्ही वापरताय का? संकेतस्थळावरचा नंबर वेगळा आणि नकाशावरचा वेगळा असेल तर दोन्हीकडे फोन लावा. रिसॉर्टांच्या नावाने बनावट पानं काढून पैसे उकळणारे बरेच आहेत. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत चालत दाखवायला सांगा. हॉटेलवाला खरा असेल तर दोन मिनिटांत दाखवतो. यूपीआयवर येणारं नाव मालकाचं किंवा हॉटेलचं आहे का ते बघा. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: तारखा, खोल्या किती, तळमजला, जेवण धरून की सोडून, मुलांचा दर (पाच वर्षांखालील फुकट, पुढे निम्मा, असं बहुधा असतं, पण विचारा), जादा गादीचे पैसे, येण्याची-निघण्याची वेळ. कोकणात दुपारी बाराला खोली ताब्यात आणि दहाला सोडायची, असं बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळचं समुद्रस्नान विसरा. जीएसटी धरलाय का तेही विचारा. सप्टेंबर २०२५पासून रात्री साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, वरच्या खोलीला १८. कुणी अजून १२ टक्के लावत असेल तर पावती मागा.

खारा वारा

हरिहरेश्वर दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन असा किनाऱ्याचा रस्ता धरून जा, दृष्ट लागेल असा आहे. पण प्रदक्षिणेची वाट कातळावरून पाण्यालगत जाते, ती भरतीत करायचीच नाही. उधाणात लाट कातळावर चढते, आणि खडकावर शेवाळ असतं. ओहोटीच्या आधी तास आणि नंतर तास, एवढाच वेळ. १९ला सकाळी आठच्या आसपास तिथे पोचायचं तर दिवेआगर साडेसहाला सोडावं लागेल. आजींनी देवळातच बसावं, त्या वाटेला उंच पायऱ्या आहेत.

जोतं

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो, पण २०२५मध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. तौक्ते वादळ २०२१मध्ये १६-१७ मेला या किनाऱ्यावरून गेलं आणि कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. म्हणजे तुमच्याच तारखा. निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघत जा. केशरी किंवा लाल इशारा असेल तर तारीख पुढे ढकलून मिळेल का, हे आगाऊ रक्कम देतानाच लिहून घ्या. पैसे परत द्यायला मालक नाखूश असतात, तारीख बदलून द्यायला सहसा तयार होतात. आकाश निरभ्र असूनही समुद्रात दूरवर वादळ असेल तर मोठ्या फुगलेल्या लाटा येतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते, कोळीवाड्यातही ते पोचलेले असतात. होड्या वर ओढलेल्या दिसल्या तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही.

गाडी वाळूवर घालू नका. ओल्या वाळूवर चाक घट्ट वाटतं, थांबलात की रुततं आणि भरती तुमची वाट बघत नाही. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. मीठ सगळ्यात आधी ब्रेकच्या डिस्कवर आणि खालच्या बोल्टांवर चढतं.

आणि एक विनंती सगळ्याच पाहुण्यांना. वाळूचे पाय थेट न्हाणीत धुऊ नका. सांडपाण्याचा ट्रॅप तुंबतो आणि मग रात्री दहाला प्लंबर कुठून आणायचा? फाटकाजवळ नळ असतो, नसेल तर बादली मागा.

ओसरी

दोन खोल्या, तळमजला, पायऱ्या दोन, जनरेटर ३० केव्हीए आणि एसी त्यावर चालतो असं लेखी मिळालं. साबणाला फेस येतो का विचारल्यावर मालक हसले आणि म्हणाले, ‘२० मेपर्यंत येतो, पुढचं टँकरवर अवलंबून.’

जोतं

खरं बोलणारा आहे, बुक करा. शेवटच्या दिवसासाठी टँकर सांगून ठेवायला सांगा.